मिस्त्रींनी पास केलेली गाडी

मिस्त्री गाडीत बसण्याआधी चपला काढत. गॅरेजच्या पायरीपाशी त्या जोडीने ठेवत, मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसत, पायाखालचा मॅट गुंडाळून बाजूला सारत आणि दोन्ही तळवे गाडीच्या तळाला टेकवून डोळे मिटत. "चाला," एवढंच म्हणत. गाडी मालकानेच चालवायची. बुलढाण्यातून निघून राजूर घाट उतरायचा, खाली राजूरपाशी वळायचं आणि तोच घाट चढून परत यायचं. तोवर मिस्त्रींशी कुणी बोलायचं नाही. गाणी बंद, मोबाइल बंद, एसीसुद्धा बंद. एकदा एका प्राध्यापकांना खोकला झाला होता, तर मिस्त्रींनी त्यांना बरं वाटल्यावर या म्हणून परत पाठवलं होतं.

वर आल्यावर ते चपला पायात सरकवत आणि मगच तोंड उघडत. "मागचं उजवं चाक वळणात ऐकत नाही." किंवा, "पुढं डाव्या अंगाले एक रबर मेलं हाय." गाडी वर उचलून पाहिली की बहुतेक वेळा तेच निघे.

मलकापूर रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. इंजिनाला ते हात लावत नसत. कुणी बॉनेट उघडायला लागलं की म्हणत, "ते दुसरीकडे दाखवा. मी फक्त पायाचा डॉक्टर हाय." चाकं, त्यांना धरून ठेवणारे दांडे, रबरी बुश, स्प्रिंगा, शॉकअप, स्टिअरिंग, एवढाच त्यांचा मुलूख. आणि त्यांचं म्हणणं असं की गाडी म्हणजे एवढंच असतं, बाकीचा सगळा आवाज. समोरच्याला ते आपला हात पालथा करून दाखवत आणि पुन्हा उताणा करत. "दोन टनाची गाडी. जमिनीले किती लागते? एका चाकाचा एक तळहात. चार तळहातांवर तुमचं सगळं घर चाललं."

काम झालं की आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर ते लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढत, अर्धी बोल्टवर आणि अर्धी लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि दिसते. नेलपॉलिश त्यांच्या बायकोची असे, त्यांना सगळे चाची म्हणत. गॅरेजच्या मागेच घर होतं. बाटली संपली की चाची गिऱ्हाइकांदेखत म्हणत, "मह्या नखाले कवा लागतच नाही, सारी बोल्टायलेच लागते." मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करत. सगळ्या रेघा ओढून झाल्या, घाटात पुन्हा एक चक्कर झाली, की ते म्हणत, "पास." कागद नाही, शिक्का नाही. हा शब्द कधी चार दिवसांनी यायचा, कधी महिन्याने.

मी त्यांच्याकडे गेले ती दुसरीकडे जायला जागा उरली नव्हती म्हणून.

मी भूल देणारी डॉक्टर. आमच्या भागात भूलतज्ज्ञ थोडे, त्यामुळे ज्या गावात ऑपरेशन असेल तिथे मीच जायचं. चिखली, मेहकर वरच्या पठारावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा घाटाखाली. माझा नवरा सर्जन होता. त्याने नाशिकच्या एका मित्राकडून एक परदेशी बनावटीची मोठी राखाडी गाडी घेतली, वापरलेली पण दिमाखदार. कातडी सीट, दाबलं की गाडीची चाल बदलणारी बटणं, आणि इंजिन असं की चिखली रस्त्याला पाय जरा टेकवला तर झाडं मागे पळायला लागत. त्याला ती गाडी फार आवडायची. एक वर्ष त्याने ती चालवली. मग एका सकाळी, ऑपरेशनचे कपडे अंगात असतानाच, त्याचं हृदय थांबलं. आमची जुनी छोटी गाडी आधीच विकली होती. राहिली ती ही.

सरळ रस्त्याला ती जितकी गुणी, तितकीच घाटात नाठाळ. स्टिअरिंग वळवावं आणि नाक मात्र सरळच जावं, दरीच्या बाजूला. नवऱ्याच्या हातात जोर होता, तो ओढून आणायचा आणि हसायचा. मला घाट उतरताना घाम फुटे. मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरने कॉम्प्युटर लावून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. दुसऱ्या एका ठिकाणी म्हणाले, ताकदीच्या गाडीला कडक स्प्रिंगा लागतात, रुंद टायर लागतात. तेही करून घेतलं. त्यानंतर गाडी प्रत्येक खड्ड्यात उडी मारायला लागली, आणि वळणात रस्ता फुटलेला असला की चाक जमिनीवरून सुटल्यासारखंच होई.

एकदा वळणावर समोरून एसटी आली. माझी गाडी तिच्याकडे सरकत गेली ती मी थांबवू शकले नाही, एसटीच्या ड्रायव्हरनेच ब्रेक मारून एसटी थांबवली. दोन गाड्यांमध्ये हातभर अंतर राहिलं. तो खाली उतरला, खिडकीशी आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, गाडी आवरत नसन तं कायले नेता?" तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी मी मिस्त्रींकडे गेले. चपला निघाल्या, मॅट गुंडाळला गेला, आम्ही घाट उतरून चढून आलो. मिस्त्रींनी डोळे उघडले.

"बाई, इंजिन पैलवान हाय, अन् पाय दुखून राह्यले. होईन बरं." मग मान मागे वळवून म्हणाले, "मागं डिक्कीत काय भरलं?"

"सामान आहे."

"लय वजन हाय. मागं वजन पडलं का पुढचं चाक हलकं होते. हलकं चाक वळन कसं? पयले ते काढा."

डिक्कीत फरशांच्या चार पेट्या होत्या. आमच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर नवं ऑपरेशन थिएटर करायचं ठरलं होतं. फरशा नवऱ्याने स्वतः निवडल्या, स्वतः गाडीत ठेवल्या, आणि उतरवायच्या राहून गेल्या. मी त्या डिक्कीला हात लावला नव्हता. गाडी घाटात सरकायची तेव्हाही लावला नव्हता.

"ते सामान राहू द्या," मी म्हटलं. "बाकीचं करा."

"तसं नाही होत."

"का नाही होत? पैसे मी देतेय ना?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. "मंग मले हात नाही लावता येत, बाई," एवढं म्हणून ते दुसऱ्या गाडीखाली गेले.

मी चिडून घरी आले. आठ दिवस भाड्याची गाडी करून फिरले. नवव्या दिवशी दवाखान्यातल्या दोघांना बोलावून पेट्या उतरवून घेतल्या. वर नेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, थिएटर आता होणार नाही. तो गेल्यानंतरच्या दीड वर्षात हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. मग रिकामी गाडी घेऊन गॅरेजला गेले. मिस्त्रींनी डिक्की उघडून पाहिलीसुद्धा नाही. घाटातल्या चकरेला बसले आणि परत आल्यावर म्हणाले, "आता बोलून राह्यली."

गाडी तीन आठवडे त्यांच्याकडे होती. मी येता-जाता डोकावायचे. कडक स्प्रिंगा काढून त्यांनी कंपनीच्या मूळ मापाच्या बसवल्या. रुंद टायर काढले. पुढच्या दोन्ही चाकांचे बुश बदलले, जुने मला हातात दिले, ते रबर बोटांनी दाबलं तर भाकरीसारखं तुटलं. गाडीच्या दोन्ही बाजूंनी सुतळ्या ताणून, ओळंबा सोडून ते चाकांचा कोन मोजत बसत. मागचं एक चाक बोटाच्या पेराएवढं तिरपं निघालं. आधीच्या मालकाकडे कधीतरी गाडीला मार बसला होता, आणि तो रंगाखाली झाकून ती आम्हाला दिली होती. मिस्त्री म्हणाले, "गाडी बेइमान नव्हती, बाई. जखमी होती." टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारून ते मला घाटात पिटाळत, आणि परत आल्यावर रेघा कुठवर पुसल्या ते पाहून हवा कमी-जास्त करत.

मग त्यांनी मला धरलं. गाडी चालवणारा हाही गाडीचाच पार्ट असतो, असं त्यांचं मत होतं, आणि हा पार्ट बाजारात मिळत नाही.

"तुमी एका वक्ती गाडीले दोन कामं सांगता," ते मागून म्हणाले. पास करण्याच्या चकरेत ते बोलत नसत, शिकवण्याच्या चकरेत बोलत. "वळ बी म्हणता, थांब बी म्हणता. चार तळहात हायेत तिच्याजवळ, दोन्ही कामं कशी करन? थांबवाचं ते वळणाच्या आधी थांबवा. मंग वळवा, अन् पाय निवांत ठेवा. समोर रस्ता मोकळा दिसला, का मंग मागा तिले ताकद."

गाडीत एक बटण होतं, दाबलं की गाडी ताठ आणि तडफदार होई. ते त्यांनी मला दाबू दिलं नाही. "हे बटन ज्या देशात केलं तिथले रस्ते बघून केलं."

महिनाभराने मी मोताळ्याला एका ऑपरेशनला चालले होते. अर्धा घाट उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की मी दुसराच कसला तरी विचार करतेय. हात सैल होते. गाडी एका वळणातून दुसऱ्या वळणात स्वतःहून उतरत होती. एवढी जड, एवढी ताकदवान गाडी, आणि सांगितलेलं पहिल्याच शब्दात ऐकत होती. नवऱ्याला हे पाहायला मिळालं नाही, एवढंच वाटलं.

मिस्त्री असे का झाले, याच्या गोष्टी गावात पुष्कळ होत्या. त्यांचा भाऊ घाटात गेला, म्हणून ते इतके काटेकोर, असं सांगणारे होते. त्यांनी दुरुस्त केलेल्या जीपला अपघात होऊन लग्नाचं वऱ्हाड गेलं, असंही कुणी म्हणे. ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं. ते खड्ड्यात उतरून काम करत होते, तिथूनच वर पाहून म्हणाले, "मह्या भावाले काऊन मारता, बाई? रोहिणखेडले केळी करून राह्यला तो. कालच फोन होता."

"मग काहीच झालं नव्हतं?"

"काही नाही झालं." पाना ठेवून त्यांनी फडक्याला हात पुसले. "काही व्हायची वाट पाहाची असते का?"

माझ्या गाडीसारख्याच गाडीचा एक तरुण मालक त्यांच्याकडे आला होता. घाट किती मिनिटांत उतरता येईल, असं त्याने विचारलं. मिस्त्रींनी उलट विचारलं, "खाली काय काम हाय?" काम काही नव्हतं. "मंग हळू जा," म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. एका गुरुजींच्या मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं, आणि त्यांच्या गाडीचं एक चाक मिस्त्रींना पसंत नव्हतं. गुरुजी अजिजीने बोलले, मग भांडले. मिस्त्रींनी किल्ली खिशात घातली आणि लग्नासाठी स्वतःच्या ओळखीतून दुसरी गाडी मिळवून दिली. गुरुजी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. अशांची यादी मोठी होती. त्यांना चांगलं म्हणणारे लोक बहुधा चार-पाच वर्षांनंतर चांगलं म्हणत.

तिसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या अंगाला काहीतरी करकरायला लागलं. मिस्त्रींनी चाकाला धरणारा दांडा, म्हणजे आर्म, काढून पुन्हा बसवला, रेघ ओढली, घाटात चक्कर मारली आणि पास केलं. ही चक्कर नेहमीपेक्षा छोटी झाली, आणि परतल्यावर ते गाडीतून जरा सावकाश उतरले, एवढं मला आठवतं. मला घाई होती. मी निघून आले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. सकाळी साडेसातला मोताळ्याहून स्त्रीरोगतज्ज्ञांचा फोन आला. बाळाचे ठोके कमी होत होते, सिझेरियन लगेच करावं लागणार होतं. मी पर्स घेऊन बाहेर आले तर फाटकाशी मिस्त्री उभे. खांद्याला हत्यारांची पिशवी, डाव्या पायाला जुन्या ओढणीची चिंधी गुंडाळलेली. गॅरेजपासून माझ्या घरापर्यंत ते पायी आले होते.

"बाई, आज ही गाडी नेऊ नका."

"का? काय झालं पायाला?"

"काल सांजच्याले वेल्डिंगचा तुकडा पायाखाली आला. लाल होता." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "वास आला म्हणून मले समजलं. कायचा वास म्हणून मी इकडे-तिकडे पाह्यलं. पाय महाच होता, अन् मले पत्ता नाही."

मी त्या चिंधीकडे पाहिलं.

"तवापासून एकच इचार करून राह्यलो. तुमची गाडी मी त्या दिवशी कशानं पास केली?"

"मिस्त्री, मोताळ्याला बाई अडलीय. मला आत्ता निघायलाच हवं. गाडीत काही बिघाड आहे का?"

"मालूम नाही."

"काही जाणवलं होतं का?"

"तेच तं सांगतो, बाई. मले मालूम नाही."

या माणसाच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. दुसरी गाडी यायला अर्धा तास लागला असता. मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं.

"मंग मी येतो," ते म्हणाले. "चपला काढा अन् बसा. आज पाय तुमचे."

ते माझ्या शेजारी बसले. पहिल्यांदाच पुढे. मी अनवाणी पायाने गाडी सुरू केली. गाव संपेपर्यंत ते एवढंच म्हणाले: स्टिअरिंग बोटांनी धरा, मुठीत नको. जे वाटन ते बोला, बरोबर का चूक ते पाहू नका.

घाट सुरू झाला. मी बोलायला लागले. रस्ता खरखरीत आहे. इथे गुळगुळीत झाला. उजवं वळण, नाक आत येतंय. मिस्त्री समोर पाहत होते आणि मान हलवत होते. दुसरं वळण, तिसरं वळण. कठड्यावर माकडं बसली होती. चौथ्या वळणाआधी मी ब्रेक दाबून सोडला.

"काहीतरी झालं."

"काय?"

"टक् असं. एकदाच."

"हाताले का पायाले?"

"पायाला. डाव्या."

"ब्रेक धरला तवा का सोडला तवा?"

मला सांगता येईना. पुढच्या वळणाआधी मी पुन्हा ब्रेक धरला आणि सोडला. "सोडल्यावर," मी म्हटलं. "सोडल्यावरच."

"थांबवा. पुढं जागा हाय तिथं."

रुंद जागी गाडी लावली. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं, चाकांना दगड लावले आणि पुढच्या डाव्या चाकामागे बॅटरीचा उजेड टाकून खाली पडून पाहिलं.  मग मला हाताने खाली बोलावलं. मी रस्त्यावर आडवी झाले. आर्मच्या बोल्टवर त्यांनी ओढलेली लाल रेघ दिसत होती. ती जुळत नव्हती. बोल्टवरचा अर्धा भाग एकीकडे, लोखंडावरचा दुसरीकडे, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर.

"सैल राह्यला मह्या हातून," मिस्त्री म्हणाले. "मले वाटलं आवळला."

त्यांनी लांब दांड्याचा पाना काढला आणि माझ्या हातात दिला. "तुमी आवळा. मह्या हाताचा आता भरोसा नाही."

"किती आवळू?"

"बोल्ट तुमाले नाही म्हणंस्तोवर. त्याच्या पुढं एक वीतभर."

मी कुशीवर पडून पाना ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तो अडला आणि खांद्यापर्यंत कळ गेली. मिस्त्रींनी पिशवीतून नेलपॉलिशची बाटली काढली, तीही माझ्याकडेच दिली. माझी रेघ वाकडी आली. त्यांनी ती उजेडात पाहिली आणि ठीक म्हणाले.

उरलेल्या घाटात टक् पुन्हा आलं नाही. मोताळ्याला पोचले तेव्हा दवाखान्यात सगळे तयार होते. मी हात कोपरापर्यंत धुतले, बोटांतलं ग्रीस निघता निघेना. भूल दिली. बाळ निळसर निघालं आणि काही वेळ रडलंच नाही. त्या वेळात मला घाटात गेलेलं एकेक मिनिट दिसत होतं. मग ते रडलं. आईसुद्धा ठीक होती.

बाहेर आले तेव्हा मिस्त्री दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. "झालं?" त्यांनी विचारलं. झालं म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी त्यांना आत नेलं, टेबलावर बसवलं, चिंधी सोडली. तळव्याला रुपयाएवढा खोल भाजल्याचा डाग होता, कडा काळ्या पडलेल्या. मी कापसाच्या बोळ्याने पाऊल तपासलं. लागतंय का? नाही. इथे? नाही. सुईने टोचलं. घोट्याच्या वर गेल्यावर त्यांनी हो म्हटलं. हातांची बोटंही पहिल्यासारखी उरली नव्हती. रक्तातली साखर तपासली, खूप वाढलेली निघाली; मधुमेह किती वर्षांचा असेल कोण जाणे. ते कधी डॉक्टरकडे गेलेच नव्हते.

तीन वर्षं हे तळवे माझ्या गाडीत, माझ्या मागे, उघडे टेकलेले होते. टाचांना भेगा होत्या, बोटांवरचे केस झडले होते, कातडी चकचकीत झाली होती. असा पाय दिसला की काय विचारायचं हे मी शिकले होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं. मी तेवढं म्हणाले त्यांना.

"तुमी गाडी पाहून राह्यल्या होत्या, बाई," मिस्त्री म्हणाले. मला त्यात तक्रार शोधायची होती. ती सापडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवं काम घेणं थांबवलं आणि गॅरेज बंद करायचं ठरवलं. पण ते करण्याआधी दिवाळीपासून पास केलेल्या सगळ्या गाड्या त्यांनी परत बोलावल्या. प्रत्येकाच्या घरी लंगडत जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मह्याकडून चूक झाली असन, गाडी तपासून घ्या. गावातले दोन मेकॅनिक मशीन लावून तपासायला बसले आणि मिस्त्री शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले. आणखी दोन गाड्यांत बोल्ट सैल निघाले. बाकीच्यांत काही नव्हतं. एका वकिलांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की एवढा गाजावाजा कशाला, आयुष्यभराचं नाव जाईल. मिस्त्री म्हणाले, "नाव घेऊन काय करू? लोकायची चाकं जागेवर राहू द्या." मग त्यांनी पाने त्या दोन मेकॅनिकना वाटून टाकले.

पायाची जखम भरली नाही. अकोल्याला नेऊन दोन बोटं काढावी लागली. त्यानंतरही लोक येत. तपासू नका, नुसतं बसा, चूक निघाली तरी चालेल, असं म्हणत. ते कुणाच्याही गाडीत बसले नाहीत. "मले आता समजत नाही," असं सांगत. कुणी आग्रह केला तर तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात.

गेल्या हिवाळ्यात सुलतानपूरची एक म्हातारी खुब्याचं हाड मोडून आमच्याकडे आली होती. कमरेत, मणक्यांच्या मधून सुई घालून भूल द्यायची होती. आतला पडदा ओलांडताना सुई किंचित सैल पडते, आणि ते फक्त बोटांच्या टोकांना कळतं. मी हे हजारो वेळा केलंय. त्या दिवशी दोनदा मला वाटलं की पोचले, आणि दोन्ही वेळा पोचले नव्हते. म्हातारी विव्हळली. काही महिन्यांपासून अंगठ्याचा सांधा दुखत होता, बोटं सकाळी बधिर वाटत होती, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा सुई उचलली आणि ठेवून दिली. शेजारच्या दवाखान्यातल्या तरुण भूलतज्ज्ञ मुलीला बोलावलं. तिने एका प्रयत्नात केलं.  महिनाअखेरीपासून मी काम घेणं थांबवलं.

हे सांगायला मी मिस्त्रींच्या घरी गेले. दुसरं कुणी सुचलं नाही. ते अंगणात बाजेवर बसून चाचीबरोबर शेंगा फोडत होते. मी सगळं सांगितलं, म्हातारीच्या विव्हळण्यासकट.

"पेशंट बरी हाय?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. काठी धरून चालते."

"मंग झालं."

चाचीने माझ्यासमोर सूप सरकवलं. मीही शेंगा फोडायला लागले. अंगठा दुखत होता, तरी फोडत राहिले. शेंगा फोडता फोडताच मिस्त्री म्हणाले, "सकाळचं कठीण जाते, बाई. उठल्यावर हात काम शोधतेत. शोधू द्याचं त्याईले. रागवाचं नाही."

मी निघाले तेव्हा ते काठी घेऊन उठले. चाची बसा म्हणत होती. फाटकापर्यंत सोडायला आले, मी गाडी वळवून रस्त्याला लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.